केळीत आणि सातपुड्यातल्या पाल गावच्या चढावर चालणारे चामडी बूट

आमच्या रावेरकडे बूट टिकणार की नाही हे मे महिना ठरवतो. पारा 45च्या वर गेला की नुसता चिकटवलेला सोल जबडा उघडतो. म्हणून जळगावच्या दुकानात मी आधी बूट उलटा केला. कडेने जाड दोऱ्याची सलग शिवण, सोल रबरी. किंमत 3,400. घासाघीस केली, पण दुकानदार बधला नाही; पॉलिशची डबी तेवढी फुकट दिली.

खरेदीला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय जरा सुजतो, तेच खरं माप. जाड मोजे घालून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. गुळगुळीत फरशीवर सगळेच बूट छान वाटतात, मी जिना उतरून पाहिला. अंगठा पुढे आपटला नाही, तेव्हा पैसे काढले.

सुरुवातीला टाचेला चांगलेच चावले, मग चामडं मऊ पडलं. केळीच्या चिकाचे डाग पडतातच, त्याला इलाज नाही. पावसाळ्यात काळी माती सोलच्या खाचांत अशी बसते की बांधावर काडीने उकरावी लागते. आणि बुटाची जीभ, म्हणजे लेसखालची पट्टी, कडांना शिवलेली नसल्यामुळे चिखलाचं पाणी आत येतं. एवढ्या पैशांत हे खटकलंच. ओले बूट उन्हात ठेवू नका, चामडं तडकतं. रद्दी कोंबून सावलीत वाळवा.

पालच्या सुट्या दगडांवर घोटा पक्का धरतात. वजनाला मात्र जड. नुसतं बाजारात फिरायचं असेल तर कशाला घेता?