न खाणारं पिल्लू घेऊन जावं असं लीड्समधलं एक दुकान

सापाचं पिल्लू खात नसलं की आपण खाण्याच्याच मागे लागतो. हा उंदीर नाही घेतला, तो देऊन बघू, आज नाही तर उद्या. इंग्लंडमधल्या लीड्सच्या उत्तरेकडच्या, साप-पाली विकणाऱ्या या छोट्या दुकानाची मालकीण खाण्याचं शेवटी विचारते. आधी डबा, ऊब, कात, आणि पिल्लाला कोण किती वेळा हातात घेतं हे विचारते. मला हे दुकान आवडतं ते याच क्रमासाठी. नाव इथे देत नाही, कारण दुकान एकटीचं आहे आणि तिला गर्दी नको आहे. लीड्समध्ये राहणाऱ्या कोणाला हवं असेल तर ओळखीतून विचारा, सापवाल्यांमध्ये तिला सगळे ओळखतात.

आमचं पिल्लू तिथून घेतलेलं नव्हतं, हे आधीच सांगते. माझ्या प्रयोगशाळेतला एक सहकारी हौस म्हणून कॉर्न स्नेक वाढवतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप, इथे ब्रिटनमध्ये पाळायला परवाना लागत नाही. उन्हाळ्यात त्याच्याकडे अंडी फुटली, बाकीची पिल्लं खायला लागली, आणि एक नारिंगी मादी काही केल्या तोंड उघडेना. माझ्या मुलीने तिला पाहिलं, केशर नाव ठेवलं, आणि मग ती आमच्याकडे आली. वीत-दीड वीत लांब, पेन्सिलीहून बारीक, वजन जेमतेम सहा ग्रॅम. दुसऱ्याकडून आणलेलं पिल्लू घेऊन दुकानात जायचं म्हणजे जरा संकोचच वाटतो. तिने तो पहिल्या मिनिटात घालवला. कोणाकडून आणलं हे तिने विचारलंच नाही, डब्याचा फोटो आहे का एवढंच विचारलं.

फोटो बघून तिने सांगितलेली पहिली गोष्ट म्हणजे टाकी फार मोठी आहे. जंगलात एवढंसं पिल्लू पाल्याखाली, झाडाच्या सालीखाली अंग चेपून बसतं. उघड्यावर आलं की पक्ष्याची चोच आहेच. मोठ्या काचेच्या टाकीत ते दिवसभर आडोसा शोधत फिरतं, आणि जिवाला घोर लागलेला प्राणी जेवत नाही. तिने बुटांच्या खोक्याएवढा झाकणाचा प्लास्टिक डबा दिला, हवेसाठी भोकं पाडलेला. तळाला स्वयंपाकघरातला कागदी टॉवेल, उबदार टोकाला एक आडोसा, गार टोकाला दुसरा, पाण्याची उथळ वाटी. आडोशासाठी टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी पुरते म्हणाली. शेजारीच शेकडो पौंडांची लाकडी व्हायव्हेरियम, म्हणजे साप ठेवायच्या पेट्या, मांडून ठेवली होती, त्यांचा विषय तिने काढला नाही.

मग ऊब. ऑक्टोबरात इथल्या घरात हीटिंग लावूनही रात्री सतरा-अठरा अंशांच्या वर पारा जात नाही. सापाला स्वतःची ऊब नसते, बाहेरची मिळाली तरच पोटातलं पचतं. अंग गार असेल तर खायची इच्छाच होत नाही, आणि खाल्लंच तर ते पचण्याआधी बाहेर येतं. उबदार टोकाला २८ ते ३० अंश सेल्सिअस, गार टोकाला २२ ते २४, आणि हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, कधीही लावायची नाही, कारण मोकळी सोडलेली मॅट पिल्लाचं पोट भाजू शकते. थर्मोस्टॅटची तार हवेत लोंबकळत ठेवायची नाही, पिल्लू बसतं त्याच जागी टेकवायची. हे तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

शेवटी खाण्याचं. पण आठवडाभर काहीही द्यायचं नाही, हातात घ्यायचं नाही, झाकणही फक्त पाणी बदलायला उघडायचं. मला हे जड गेलं. उपाशी जिवाला मुद्दाम आणखी आठवडा उपाशी ठेवायचं हे आपल्या घरच्या वळणात बसत नाही. तिने समजावलं ते असं: अंड्यातून निघताना पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो. पहिली कात साधारण आठवड्या-दहा दिवसांनी पडते, आणि तोवर त्याला खाण्याची गरज नसते. त्यानंतरही बरेच आठवडे ते तग धरू शकतं. रोज नाकासमोर उंदीर नाचवला तर मात्र उंदीर म्हणजे संकट एवढंच ते शिकतं. म्हणून दोन प्रयत्नांत पाच ते सात दिवस जाऊ द्यायचे आणि दर आठवड्याला ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करायचं. वजन टिकून आहे तोवर घाई नाही. काटा मी तिच्याकडूनच घेतला. या सगळ्या खरेदीतली सर्वांत उपयोगाची वस्तू मला तीच वाटते, कारण डोळ्यांना काळजीपोटी रोज पिल्लू वाळल्यासारखं दिसतं, काटा खरं सांगतो.

खाणं म्हणजे पिंकी, उंदराचं केस न फुटलेलं गुलाबी पिल्लू, मारून गोठवलेलं. जिवंत पिल्लं ती विकत नाही आणि मला ते बरं वाटतं. तिच्या फ्रीझरमध्ये पिंकी वजनानुसार वेगळ्या ठेवलेल्या असतात, आणि हे मी दुसऱ्या कुठल्या दुकानात पाहिलेलं नाही. बाकीकडे एका पिशवीत एक ग्रॅमचीही येते आणि तीन ग्रॅमचीही. सहा ग्रॅमच्या सापापुढे तीन ग्रॅमचं धूड ठेवलं तर तो पळणारच. तिने निवडून एक-एक ग्रॅमच्या, जवळजवळ जन्मल्या दिवशीच्या पिंकी दिल्या, एकीला एका पौंडाहून कमी दरात. रात्रभर फ्रिजमध्ये वितळवायची, मग कोमट पाण्यात गरम करायची, मायक्रोवेव्ह अजिबात नाही. त्यासाठीचा डबा, चिमटा, वाटी स्वयंपाकघरापासून पूर्ण वेगळी, आणि नंतर साबणाने हात. गोठवलेल्या उंदरांमधून साल्मोनेला पसरल्याबद्दल ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने लोकांना सावध केलेलं आहे. घरात लहान मूल असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

आता खरी मेख. कॉर्न स्नेकची रानातली पिल्लं उंदीर खात नाहीत, निदान सुरुवातीला नाही. त्यांच्या तोंडात मावतात ते छोटे सरडे आणि झाडबेडूक. साप जीभ बाहेर काढून वासाचे कण टाळूतल्या जेकबसन अवयवाकडे नेतो आणि समोरचं खाण्याचं आहे की नाही ते तिथे ठरतं. बरीचशी पिल्लं पिंकीलाही हो म्हणतात. काही मात्र सरड्याच्या वासावर अडून बसतात, त्यात हट्ट नाही, जन्मजात खूण जुळत नाही एवढंच. म्हणून तिचा क्रम असा की आधी साधी पिंकी, संध्याकाळी उशिरा, पिल्लासकट छोट्या झाकणाच्या कपात घालून अंधारात उबदार टोकाशी रात्रभर ठेवायची. नाही घेतली तर पुढच्या खेपेला पिंकी बिनवासाच्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून. धुतल्याने उंदराचा वास कमी होतो, आणि आश्चर्य म्हणजे काही पिल्लांना तेवढंच पुरतं.

केशरला पुरलं नाही. मग दुकानातल्या पालीची पाळी आली.

हो, पाल. आपल्या ट्यूबलाइटशेजारी असते तसलीच घरपाल इथे काचेच्या पेटीत, दिव्याखाली, किमतीची चिठ्ठी लावून विकायला असते. मी चिपळूणची, लहानपणी छपरावर त्या मोजत झोपलेली, त्यामुळे तिच्याकडे बघून मला भरूनच आलं. मालकिणीकडे स्वतःची एक म्हातारी पाल आहे, वर्षानुवर्षं निरोगी. तिच्या पेटीतला वापरलेला कागदी टॉवेल तिने पिशवीत घालून दिला. विक्रीला नुकत्याच आलेल्या पालींचा कागद ती कोणाला देत नाही, कारण नव्या प्राण्यांबरोबर परजीवी येऊ शकतात आणि अशक्त पिल्लाला तेवढंही सोसत नाही. पैसे घेतले नाहीत. वासाच्या तयार बाटल्याही तिच्या फळीवर आहेत, पण मागितल्याशिवाय ती दाखवत नाही. काही सापांना चालतात, पण आधी फुकटचा उपाय करून बघा म्हणते.

धुतलेली पिंकी त्या कागदात गुंडाळून ठेवायची, मग कोरडी करून कपात. शिवाय तिने आणखी एक सांगितलं, ते ऐकायला बरं वाटत नाही: पिंकीच्या डोक्याला सुईने छोटं छिद्र पाडून थोडा मेंदू बाहेर येऊ द्यायचा. तो वास सापाला फार ओढतो. मी प्रयोगशाळेत काम करते, माझे हात थरथरले नाहीत, पण घरात कोणाला तरी हे करावंच लागणार हे साप आणण्याआधी माहीत असावं.

त्या संध्याकाळी केशरने आधी नेहमीसारखी पाठ फिरवली. मग जीभ. एकदा, दोनदा, मग भराभर. मान इंग्रजी एसच्या आकारात मागे गेली, आणि खूप वेळ काहीच झालं नाही. माझी मुलगी दारात उभी होती, तिला श्वासही घेऊ नकोस असं मी हाताने खुणावलं. मग केशरने पिंकीचं नाक पकडलं. खालचा जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढे सरकत होता, डोकं मूळच्या दुप्पट दिसत होतं, आणि गुलाबी गोळा हळूहळू मानेतून खाली गेला. शेवटी तिने लांबलचक जांभई देऊन जबडा जागेवर बसवला. मुलीने मला घट्ट मिठी मारली. दोन दिवस केशरला हात लावायचा नाही हे आम्हाला कोणी सांगावं लागलं नाही.

पुढच्या जेवणांना कागदाचा वास थोडा थोडा कमी करत गेलो, आधी पूर्ण पिंकीला, मग फक्त नाकाला, मग नाहीच. आता ती साधी पिंकी चिमट्यावरून घेते आणि काट्यावर दोन आकडी वजन दाखवते.

दुकानात बसून बाकीच्यांचंही ऐकलं. एक मुलगा बॉल पायथनचं, म्हणजे आफ्रिकेतल्या एका छोट्या अजगराचं, पिल्लू घेऊन आला होता. त्याला तिने पालीचं काही सांगितलं नाही. त्या जातीच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, म्हणून तिथे घट्ट अंधारा आडोसा आणि जिवंत उंदराच्या अंगाइतका गरम केलेला उंदीर, केस फुटलेला, हे आधी. हॉगनोज हा साप रानात बेडूक खाणारा, त्याच्यासाठी ट्यूना माशाच्या डब्यातलं पाणी. प्रत्येकाला वेगळं उत्तर मिळतं, छापील पत्रक हातात कोंबून वाटेला लावलं जात नाही.

तोंडात घास देऊन भरवायचं का, हे मीही विचारलं होतं. ती ते करते, पण वजन घसरायला लागल्यावरच, आणि कसं ते स्वतःच्या हाताने दाखवल्याशिवाय कोणाला घरी करू देत नाही. मानेमागे अलगद धरायचं, पिंकीचं नाक जबड्यात सरकवायचं, मागे वळलेल्या दातांत ते अडकलं की खाली ठेवून पुतळ्यासारखं थांबायचं. बऱ्याचदा पिल्लू पुढचं आपण करतं. घशात ढकलणं हे तिच्या मते पशुवैद्याचं काम, आणि तशा पशुवैद्याचा पत्ता ती लगेच देते. मालाआधी जनावर बघणारी दुकानदार मला तरी दुसरी भेटलेली नाही.

तक्रारीही आहेत. दुकान चार दिवसच उघडं असतं आणि फोन क्वचित उचलला जातो. पार्किंग नाही, थंडीत पिल्लू घेऊन बस थांब्यावर उभं राहायचं तर डबा कोटाच्या आत धरावा लागतो. डबा आणि काटा ऑनलाइन थोडा स्वस्त मिळतो. मी तरी दुकानातूनच घेतला, सल्ल्याचे पैसे ती लावत नाही म्हणून.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एकच. हे सगळं इथे पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेल्या सापांबद्दल आहे. घराच्या मागे सापडलेलं धामणीचं किंवा दिवडाचं पिल्लू डब्यात घालून यातलं काही करून बघू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले साप पाळायला बंदी आहे, आणि त्या पिल्लाला भरवायची गरजही नाही, त्याला आपलं खाणं कुठे मिळतं ते पक्कं ठाऊक असतं. घरात शिरलं असेल तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवा.

आणि इथे यूकेत कोणी जाणार असाल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात आधी निरोप टाकून जा. उन्हाळ्यात फुटलेल्या अंड्यांची सगळी पिल्लं तेव्हाच खायला लागतात, आणि एक ग्रॅमच्या पिंकींचा कप्पा शनिवारी दुपारपर्यंत रिकामा होतो. सांगून ठेवलं तर ती नावाची चिठ्ठी लावून बाजूला काढते.