हवाई अंतर सांगणाऱ्या एका संकेतस्थळाचा अनुभव: किलोमीटर खरे, मिनिटे कच्ची

दोन विमानतळांची नावे टाकली की त्यांच्यातील अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारे एक विनामूल्य संकेतस्थळ मी मुख्यतः लहान, प्रादेशिक विमानतळांसाठी वापरून पाहिले. अंतराच्या बाबतीत त्याने निराशा केली नाही. हे अंतर पृथ्वीच्या गोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाचे असून ते किलोमीटर, मैल आणि सागरी मैल अशा तिन्ही एककांत मिळते. 320 किलोमीटर म्हणजे सुमारे 173 सागरी मैल, हे रूपांतर स्वतः करत बसावे लागत नाही. पृथ्वी पूर्ण गोल मानल्याने येणारी चूक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची, म्हणजे येथे दीड-पावणेदोन किलोमीटरची असते. तरीही उत्तर दशांशचिन्हानंतर दोन अंकांपर्यंत देण्याचा हौशीपणा मात्र कळला नाही. खुद्द धावपट्टीच दीड-दोन किलोमीटर लांब असते!

खरी अडचण वेळेची आहे. याच 320 किलोमीटरसाठी संकेतस्थळ 24 मिनिटे दाखवते. भागाकार केला की ताशी 800 किलोमीटर हा मोठ्या जेट विमानाचा वेग सरसकट धरलेला दिसतो. लहान विमानतळांवर बहुधा पंख्याची टर्बोप्रॉप विमाने येतात आणि त्यांचा वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे नुसत्या भागाकारानेच 38 मिनिटे होतात. समोरून ताशी 80 किलोमीटरचा वारा असेल, तर तीच 46 होतात. शिवाय हा पूर्ण वेग सगळ्या वाटेवर मिळत नाही. उतरताना दर 1,000 फुटांमागे साधारण 3 सागरी मैल लागतात असा वैमानिकांचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने 17,000 फुटांवरून खाली यायलाच सुमारे 95 किलोमीटर हवेत. चढण्याचे अंतर त्यात मिळवले, तर एवढ्या छोट्या प्रवासाचा निम्म्याच्या आसपास भाग चढ-उतारातच जातो. धावपट्टी उलट्या दिशेने वापरात असेल, तर वळसा आणखी वेगळा. लांबच्या उड्डाणात ही वीस-पंचवीस मिनिटे पचून जातात, येथे ती उत्तर जवळजवळ दुप्पट करतात.

विमान कंपनीच्या वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे ती नेहमीच याहून मोठी दिसते. हा फरक सांगणारी एखादी ओळ तरी पानावर हवी होती.

नावाऐवजी तीन अक्षरी संकेत टाकल्यास शोध जलद होतो; पण अनेक लहान विमानतळांना तो नसतोच आणि त्यांचा चार अक्षरी संकेत हे संकेतस्थळ ओळखत नाही. याहून खटकणारी गोष्ट म्हणजे ज्या दोन ठिकाणांमध्ये थेट विमानसेवाच नाही, त्यांच्यासाठीही ते तितक्याच आत्मविश्वासाने मिनिटे सांगते. म्हणून अंतर मी येथूनच घेतो. वेळ मात्र वेळापत्रकातूनच पाहतो.