.४४ मॅग्नम रिव्हॉल्वर : घ्यावे की न घ्यावे

मोठ्या कॅलिबरचे, म्हणजे जाड गोळीचे, रिव्हॉल्वर घ्यायचे मनात आल्यावर, पैसे मोजण्याआधी मी स्मिथ अँड वेसनचे सहा इंची नळीचे .४४ मॅग्नम भाड्याने घेऊन नेमबाजीच्या मैदानावर वापरून पाहिले, हे बरेच झाले. नाव .४४ (इंच) असले तरी गोळीचा व्यास सुमारे १०.९ मिलिमीटर असतो आणि तिचे नेहमीचे वजन २४० ग्रेन, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम.

रिव्हॉल्वर स्वतः सव्वा किलोच्या आसपास भरते. हातात धरताना हे ओझे जाचते खरे, पण धक्का पेलायला तेच कामी येते. घोडा आधी मागे ओढून ठेवला तर चाप इतका हलका लागतो की पहिला बार उडाला तेव्हा मी स्वतःच दचकलो. पुढे अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलवटली, आणि त्याहून वाईट म्हणजे बार उडण्याआधीच मनगट खाली झुकू लागल्याने बाराव्या गोळीनंतरची सगळी भोके कागदाच्या तळाशी पडली. कानांत बोळे आणि वर कर्णरक्षक, दोन्ही हवेतच.

याच रिव्हॉल्वरच्या फिरत्या नळकांड्यात .४४ स्पेशलची सौम्य काडतुसे चालतात, हा मोठाच दिलासा. पण कायम तीच वापरायची तर एवढे धूड कशाला बाळगावे? अस्वलांच्या रानात हिंडणाऱ्याने किंवा शिकाऱ्याने ते जरूर घ्यावे. घराच्या रक्षणासाठी मात्र दुसरी गोळी पटकन नेमकी लागणे महत्त्वाचे असल्याने मी ते परत ठेवले आणि आता त्याहून सौम्य .३५७ मॅग्नम पाहतो आहे.