अडखळणारा गेम : व्ही-सिंक, फ्रेम कॅप की जी-सिंक/फ्रीसिंक?

मॉनिटर जी-सिंक किंवा फ्रीसिंकचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या वेगाप्रमाणे पडदा ताजा करणारा असेल तर तेच वापरा. नसेल तर फ्रेम कॅप, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) काढायच्या यावर मर्यादा. नुसतं व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम पडद्याच्या ठरलेल्या ठोक्यालाच दाखवणं, सगळ्यात शेवटी.

व्ही-सिंकने चित्र फाटत नाही (दोन फ्रेमचे तुकडे एकाच वेळी दिसत नाहीत) हे खरं, पण ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताज्या होणाऱ्या पडद्याला दर १६.७ मिलिसेकंदांनी फ्रेम लागते. डबल बफरिंग (एक फ्रेम पडद्यावर, दुसरी तयार होत असलेली) असताना कार्डाने १७ मिलिसेकंद घेतले, तर ती फ्रेम पुढच्या रिफ्रेशपर्यंत अडकते आणि जुनं चित्र ३३.३ मिलिसेकंद तसंच राहतं. सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) बरा दिसतो, कॅमेरा फिरवला की मात्र झटके बसतात. शिवाय माऊस जड वाटतो. कार्डाला ६० सहज झेपत असतील तरच हा पर्याय ठीक.

फ्रेम कॅप लावल्याने कार्ड सतत शंभर टक्क्यांवर धावत नाही, जड दृश्यासाठी थोडी ताकद शिल्लक राहते. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’, तिथे ‘प्रोग्राम सेटिंग्ज’मध्ये गेम निवडून ‘मॅक्स फ्रेम रेट’ भरा. आकडा गेममधल्या सर्वांत जड जागी टिकेल तोच घ्या. मात्र साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ४५ ठेवू नका : काही फ्रेम एकदा दिसतात, काही दोनदा, आणि हालचाल लंगडते. तिथे ६० किंवा सरळ ३०. नुसत्या कॅपने चित्र फाटणं थांबत नाही, तेवढं सोसावं लागतं.

जी-सिंक/फ्रीसिंकमध्ये मॉनिटरच फ्रेमची वाट पाहतो, त्यामुळे ४५ सुद्धा चालून जातात. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतही ते अनेकदा चालू करावं लागतं, आणि हेच बहुतेकांचं राहून जातं. १४४ हर्ट्झवर कॅप १४० च्या आसपास ठेवा, ड्रायव्हरमधलं (कार्डाच्या सॉफ्टवेअरमधलं) व्ही-सिंक चालू आणि गेममधलं बंद. मॉनिटर घेताना जी-सिंक/फ्रीसिंक किती ते किती हर्ट्झमध्ये चालतं ती रेंज बघा. ४८ ते १४४ असेल तर ४८ च्या खाली एकच फ्रेम दोनदा दाखवून निभावतं, ४८ ते ७५ ला दुप्पट करायला तेवढी जागाच नसते.

एक अडखळणं मात्र यातल्या कशानेच जात नाही. आफ्टरबर्नर या कार्डावर नजर ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख लावा. व्हीरॅम (कार्डाची मेमरी) काठोकाठ भरलेली आणि मधेच ८०-१०० मिलिसेकंदांचे सुळके दिसले, तर गेमच्या सेटिंगमधलं टेक्स्चर (पृष्ठभागांच्या चित्रांचा दर्जा) एक पायरी खाली आणा. सुळके फक्त नव्या जागी पहिल्यांदा गेल्यावर येत असतील तर बहुधा शेडर (दृश्य रंगवणारे कार्डाचे छोटे प्रोग्राम) तयार होताहेत. ड्रायव्हर बदलल्यावर ते पुन्हा होणारच, सेटिंग्ज चाळत बसू नका.