टी-२०६ कार्डं पारखायला दहापट भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च

१९०९ ते १९११ दरम्यान अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून निघालेली टी-२०६ बेसबॉल कार्डं घेणाऱ्यांनी आधी भिंग घ्यावं, टॉर्च नंतर. भिंग तीन काचांचं, दहापटीचं हवं. ‘३० पट’ छापलेली स्वस्त भिंगं बहुधा त्याहून खूपच कमी मोठं दाखवतात आणि कडेला चित्र वाकडं दिसतं. भिंग डोळ्याशी धरून कार्ड अडीच सेंटिमीटरवर आणा.

पहिली नजर खेळाडूच्या नावावर टाका. अस्सल कार्डावर तपकिरी अक्षरं सलग शाईची असतात; फोटोवरून छापलेल्या नकलेत अक्षरंही ठिपक्यांची दिसतात. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुन्या’ केलेल्या बहुतेक नकला इथेच उघड्या पडतात. चेहऱ्यावरचे ठिपके पाहून मात्र कार्ड नाकारू नका, ते अस्सल कार्डावरही असतात.

शेरी मॅगी या खेळाडूच्या दुर्मिळ कार्डात आडनावाचं चौथं अक्षर ‘ई’ऐवजी ‘आय’ छापलं गेलं. साध्या कार्डावरचं तेवढंच अक्षर खरवडून लबाडी होते. दहापटीत कागदाचे उचकटलेले तंतू दिसतात. कार्डाच्या पाठीवर सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात असते, आणि ही चूक फक्त ‘पीडमाँट १५०’ पाठीवर सापडते. पाठ दुसरी असेल तर भिंग काढायचीही गरज नाही.

यूव्ही (अतिनील किरणांची) टॉर्च ३६५ नॅनोमीटरची, काळ्या फिल्टरची घ्या. ३९५ वाली पैसे वाया घालवते: तिच्या जांभळ्या उजेडात सगळंच निळसर दिसतं. कागदात चमक आणणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली, त्यामुळे नव्या कागदावरची नक्कल अंधारात निळीपांढरी उजळते. शेजारी तुलनेला कोरा ए-४ कागद ठेवा. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढा, कारण प्लास्टिकही चमकू शकतं. उजळलं तर कार्ड सोडा. नाही उजळलं म्हणून अस्सल ठरत नाही, जुना कोरा कागद मिळवून त्यावरही नकला छापता येतात.

झिजलेलं कार्ड नवं दिसावं म्हणून कापलेल्या कडांपुढे टॉर्चचा काही उपयोग नाही आणि भिंगाचाही भरवसा नाही. कार्डं तपासून दहापैकी गुण देणाऱ्या पीएसए या कंपनीने १९९१ मध्ये प्रमाणित केलेलं पहिलंच कार्ड, होनस वॅग्नर या खेळाडूचं, ८ गुण मिळवून गेलं. ते आपण कापलं होतं, अशी कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. म्हणून पारदर्शक पट्टीही जवळ ठेवा (कॅलिपरच्या दाबाने कडा चेपतात). मूळ माप साधारण ३६.५ बाय ६६.७ मिलिमीटर. ‘अमेरिकन ब्यूटी’ पाठीची कार्डं मुळातच अरुंद निघाली, तेव्हा मोजण्याआधी कार्ड उलटून ब्रँड वाचा.