रक्तदात्यांची यादी वेबसाइटवर ठेवायचीय? मग प्लगिन असा निवडा

नौपाड्यातल्या आमच्या मंडळाची रक्तदात्यांची यादी मी सांभाळतो, आणि हल्ली कळव्याची, नेरूळची पोरं सारखी विचारतात की दादा वर्डप्रेसवर (ज्यावर वेबसाइट बनवतात ते सॉफ्टवेअर) कुठला फॉर्म टाकू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

फॉर्म भरून घेणं कुठल्याही प्लगिनला, म्हणजे वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रामला, जमतं. रात्री साडेअकराला घोडबंदरवरून फोन येतो, "बी पॉझिटिव्ह कोणी आहे का जवळपास?", तेव्हा मोबाइलवर दोन मिनिटांत नाव निघतं का, ते बघा.

बहुतेकांकडे कॉन्टॅक्ट फॉर्म ७ असतो. फुकट, हलका, पण तो डेटा साठवतच नाही, नुसता मेल पाठवतो. एका शिबिराच्या वेळी आमच्या होस्टिंगवरून (वेबसाइट जिथे ठेवलीय तो सर्व्हर) चार दिवस मेलच निघत नव्हते, कोणाला पत्ताच नाही, आणि तेवढ्या दिवसांतले सगळे फॉर्म गेले, परत फोन करून विचारावं तर नंबरही त्याच फॉर्ममध्ये! मला अजून त्या लोकांचं वाईट वाटतं. तेव्हा हा फॉर्म ठेवणार असाल तर सोबत आलेले फॉर्म साठवणारा फ्लेमिंगो किंवा सीएफडीबी ७ हा प्लगिन टाकाच, दोन्ही फुकट आहेत.

पण साठवणं वेगळं आणि शोधणं वेगळं. सीएफडीबी ७ एका माणसाची सगळी उत्तरं एकाच रकान्यात गाठोडं बांधून ठेवतो, आणि सर्च त्या गाठोड्यात अक्षरं शोधतो. म्हणजे "बी पॉझिटिव्ह" टाकलं की "एबी पॉझिटिव्ह"वालेही येतात, कारण तीच अक्षरं त्यातही आहेत. घाईत, अर्धवट झोपेत तुम्ही चुकीच्या माणसाला उठवता. फ्लेमिंगोच्या सर्चचंही तेच. तारखेचं तर विसराच. पुरुषांना दोन रक्तदानांत ३ महिने आणि बायकांना ४ महिन्यांचं अंतर लागतं, तर "शेवटचं रक्तदान अमुक तारखेच्या आधी" असं गाळता आलं पाहिजे, ते इथे होत नाही.

डब्ल्यूपीफॉर्म्स लाइट दिसायला छान, पण फुकटातल्या व्हर्जनमध्ये एंट्र्या, म्हणजे लोकांनी भरलेले फॉर्म, डॅशबोर्डवर (वर्डप्रेसच्या आतल्या कामाच्या पानावर) बघता येत नाहीत, त्यामुळे आपल्या कामाचा नाही.

ग्रॅव्हिटी फॉर्म्स पैशाचा आहे, दरवर्षी डॉलरमध्ये लायसन्स, पण एंट्र्यांच्या पानावर आधी फील्ड निवडायचं, मग "बरोबर हेच" की "यात आहे" ते निवडायचं, आणि बी म्हटलं की बीच येतो. यादी वेबसाइटवर दाखवायची, सभासदांना स्वतः शोधू द्यायचं असेल तर फॉर्मिडेबल या प्लगिनचं पेड व्हर्जनही बघा, त्याचे व्ह्यूज त्यासाठीच आहेत. मंडळाकडे पैसा असेल आणि वेबसाइट बघणारा एक माणूस कायम असेल तरच या वाटेला जा.

नाहीतर माझं स्पष्ट मत, गूगल फॉर्म आणि त्याची शीट. फॉर्म वेबसाइटच्या पानात बसवता येतो, उत्तरं आपोआप शीटमध्ये येतात, एका शीटमध्ये १ कोटी सेल मावतात म्हणजे मंडळाला जन्मभर पुरतील, आणि फिल्टरमध्ये बी पॉझिटिव्ह आणि एबी पॉझिटिव्हच्या टिका वेगवेगळ्या असतात, तारखेचा फिल्टरही लागतो. फक्त "लिंक असलेला कोणीही" हे शेअरिंग चुकूनही ठेवू नका, लोकांचे नंबर आणि तब्येतीची माहिती आहे ती, २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही संमती मागतो, तर फॉर्ममध्येच टिक घ्या.

आणि काहीही घ्या, ब्लड ग्रुप ड्रॉपडाउनच ठेवा. आमच्याकडे आधी मोकळा रकाना होता, त्यात ओ प्लस, ओ पॉझिटिव्ह, एकाने तर ओ च्या जागी शून्य टाकलं होतं, ते सगळं एका काकूंनी आणि मी दोन रविवार बसून हाताने साफ केलं.

प्लगिन पक्का करायच्या आधी दहा खोट्या एंट्र्या टाका, त्यात दोन एबी पॉझिटिव्ह ठेवा, मग मोबाइलवरून बी पॉझिटिव्ह शोधा. एबीवाले आले तर दुसरा बघा.