पहिलं घर लावताना: मॉड्युलर कंपनी की आपला मिस्त्री?

जुन्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट घेतला, ड्रेनेजचे पाइप आणि वायरिंग बदलून झालं, बाथरूमचं वॉटरप्रूफिंगही उरकलं, की नवरा-बायकोत हा विषय निघतोच. फर्निचर मॉड्युलर कंपनीला, म्हणजे कारखान्यात भाग तयार करून घरी आणून जोडणाऱ्या कंपनीला द्यायचं, की घरी येऊन काम करणाऱ्या सुतार मिस्त्रीला? गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या दोन जोडप्यांनी आम्हाला हेच विचारलं. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा नीट लिहून काढावं असं वाटलं, कारण आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत.

फ्लॅट कोथरूडचा, इमारत साधारण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची, लिफ्ट नाही. भाडं आणि हप्ता दोन्ही चालू होते, त्यामुळे आधी बेडरूम राहण्याजोगी करून भाड्याचं घर सोडायचं आणि बाकीचं सावकाश करायचं असं आम्ही ठरवलं. बेडरूमची कपाटं आणि पलंग मॉड्युलर कंपनीला दिले. किचन, हॉल आणि देवघराचं काम मिस्त्रीला. प्लाय म्हणजे काय, लॅमिनेट आणि ॲक्रिलिकमध्ये फरक काय, हे कुठेही वाचायला मिळतं, ते इथे पुन्हा सांगत नाही.

कंपनीच्या बाजूने बोलायचं तर वेळ हा तिचा खरा मोठा गुण. मापं घेऊन गेल्यावर महिना-दीड महिना घरात काहीच घडत नाही, आणि मग एक दिवस खोक्यांनी भरलेला टेम्पो येतो. दोघं-तिघं जण दोन-चार दिवसांत सगळं जोडून मोकळे होतात. लाकडाचा भुसा नाही, फेविकॉलचा वास नाही, खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन नाही. आमच्या सोसायटीत दुपारी १ ते ४ ठोकाठोकी बंद आणि रविवारी काम पूर्ण बंद. मिस्त्रीच्या दिवसातला मधला भाग असाच जातो. शिवाय ८ बाय ४ चे प्लायचे ताव तीन जिने वाहून न्यायचे म्हणजे हमाली वेगळी मोजावी लागते. कंपनीचा माल कापलेल्या पट्ट्यांत येतो, जिन्याच्या वळणावर अडत नाही. दोघंही नोकरीवाले असाल आणि भाडं-हप्ता दोन्ही सोसत असाल, तर ही बाजू हलक्यात घेऊ नका.

फिनिशिंगमध्येही कंपनी पुढे आहे. मशीनने दाबून बसवलेलं एज बँडिंग (फळीच्या कडेला लावायची पातळ पट्टी) आणि हाताने चिकटवलेलं एज बँडिंग यातला फरक बोट फिरवल्यावर लगेच कळतो. प्रेसमधून निघालेलं शटर, म्हणजे कपाटाचं दार, सपाट असतं. मिस्त्री लॅमिनेटवर वजनं ठेवून रात्रभर दाबतो, त्यात कुठेतरी हवा राहू शकते. आमच्या बेडरूमच्या कपाटाची दारं आजही पहिल्या दिवसासारखी सरळ आहेत, हे कबूल करायलाच हवं.

आता ज्या एका गोष्टीने माझं मत फिरलं ती सांगतो. फिलर.

शोरूममध्ये हा शब्द कुणी आपणहून काढत नाही. कोटेशनमध्ये तो शेवटच्या पानावर, हँडल आणि पायांच्या ओळींत दडलेला असतो. कंपनीचे डबे, म्हणजे कपाटाचे सांगाडे, ठरावीक रुंदीचे असतात, जसे ६०० किंवा ९०० मिलिमीटर. तुमची भिंत या आकड्यांच्या बेरजेत बसली तर उत्तम. नाही बसली तर उरलेल्या जागेवर त्याच रंगाची उभी पट्टी मारतात आणि मागची जागा कायमची बंद होते. आमच्या बेडरूममध्ये कॉलम आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये ५ फूट ७ इंचांचा गाळा आहे, म्हणजे १,७०० मिलिमीटर. ९०० चा एक डबा आणि ६०० चा एक डबा, मिळून १,५००. उरलेले २०० दोन पट्ट्यांत वाटले, एक डावीकडे, एक उजवीकडे.

दोनशे मिलिमीटर म्हणजे जवळपास ८ इंच. कागदावर ते काहीच वाटत नाही. पण दोन्ही बाजूंची मिळून ८ इंच रुंद, २ फूट खोल आणि ७ फूट उंच एवढी जागा लहानशा घरात किती असते, ते रोज त्याच्यासमोर उभं राहिल्यावर कळतं. इस्त्रीचं घडीचं टेबल त्यात मावलं असतं. झाडू, लांब छत्र्या, माळ्यावर चढायची घडीची शिडी मावली असती. या सगळ्या वस्तू आज दाराच्या मागे उभ्या आहेत आणि दार पूर्ण उघडत नाही. बायको रोज सकाळी ओढणी काढताना त्या पट्टीकडे बघते आणि काही बोलत नाही, पण मला कळतं.

त्यात आमची भिंत ओळंब्यात नाही, म्हणजे सरळ उभी नाही. त्या काळातल्या हाताने केलेल्या प्लास्टरच्या भिंती सहसा नसतातच. ओळंबा सोडून बघितलं तर वर आणि खाली बोटभर फरक निघतो. त्यामुळे पट्टी वर रुंद आणि खाली निमुळती कापावी लागली, आणि कडेची फट सिलिकॉनने भरली. खाली स्कर्टिंगची टाइल पुढे आलेली असल्याने डबा भिंतीला टेकत नाही. मागे राहिलेल्या त्या पोकळीत कधी झाडू जाणार नाही, कधी फडकं जाणार नाही. आणि ती भिंत पश्चिमेची आहे, पावसाळ्यात तिच्यावर थेट मारा होतो. पहिल्याच पावसाळ्यात कपाटाला कोंदट वास यायला लागला. ओल कुठे आहे ते बघायला पट्टी काढावी लागणार होती आणि पट्टी काढायला कंपनीचा माणूस. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, माणूस यायला बरेच दिवस गेले. तो आला तेव्हा त्याने पट्टी नीट काढली, आतली बुरशी आम्ही पुसली, त्याने पट्टी पुन्हा बसवली. माणूस चांगला होता. पण दरवर्षी हे असंच करावं लागणार हे त्या दिवशी दोघांच्याही लक्षात आलं.

याउलट किचनमध्ये मिस्त्रीने काय केलं ते बघा. ओट्याची भिंत ८ फूट ३ इंच, आणि तिच्याही एका कोपऱ्यात कॉलम. ट्रॉल्यांची मापं लावून झाल्यावर कॉलमला लागून साडेचार-पाच इंच उरत होते. मिस्त्री टेप लावून उकिडवा बसला आणि बायकोला म्हणाला, "भाभी, परात किधर रखते हो?" तिने सांगितलं, सध्या फ्रिजवर. त्याने त्या पाच इंचांत उभा खण केला, मध्ये एक पातळ फळी घातली, आणि आज त्यात परात, दोन पोळपाट, मोठी ताटं असं सगळं चपटं सामान उभं राहतं, फक्त इडलीचा कुकर मावत नाही. मागे स्कर्टिंग होतं तिथे त्याने प्लायला तेवढीच खाच मारली. बाजूची फळी भिंतीच्या तिरकसपणाप्रमाणे रंधून काढली, त्यामुळे फट नाही आणि सिलिकॉनही नाही. ही कारागिरी विशेष आहे असं त्याला वाटलंच नाही. भिंत अशी आहे तर फळीही तशीच कापायची, एवढंच.

ओट्याच्या उंचीचंही तसंच. कंपनीच्या हिशोबात ७२० मिलिमीटरचा डबा, खाली १०० चे पाय, वर ग्रॅनाइट, म्हणजे सुमारे ३३ इंच. त्यावर गॅसची शेगडी आणि शेगडीवर पातेलं. बायकोची उंची पाच फुटांच्या जराशी वर, तिला आमटी ढवळायला खांदा उचलावा लागला असता. किचनचंही कोटेशन आम्ही कंपनीकडून घेतलं होतं, तेव्हा कमी उंचीचा डबा मिळेल का असं विचारलं होतं. उत्तर आलं की हेच स्टँडर्ड. काही कंपन्या वेगळ्या मापात करूनही देत असतील, आमच्या कोटेशनमध्ये ती सोय नव्हती. मिस्त्रीने तिला रिकाम्या भिंतीसमोर उभं केलं, कोपर वाकवायला सांगितलं, भिंतीवर रेघ मारली आणि त्यावरून ओटा ३१ इंचांवर घेतला. मी उंच आहे, मला भांडी घासताना किंचित वाकावं लागतं. ते आम्ही दोघांनी बोलून ठरवलं होतं, कारण तिचा ओट्यापाशी जाणारा वेळ माझ्यापेक्षा जास्त आहे.

मिस्त्रीकडे काम देण्यात जाच नाही असं कुणी समजू नये. रोज कुणीतरी साइटवर जायलाच हवं. आमचे सासरे निवृत्त आहेत, ते दुपारचा चहा घेऊन तिथे जाऊन बसत, म्हणून जमलं. असं माणूस घरात नसेल तर अर्धा निर्णय इथेच होतो. सामान आपण आणायचं असतं, आणि स्क्रू, खिळे, फेविकॉल, सँडपेपर यांची चिठ्ठी बरोबर ऑफिसच्या मीटिंगमध्ये येते. पुण्या-मुंबईतले बरेचसे मिस्त्री राजस्थान नाहीतर उत्तर प्रदेशातले. गावाला लग्न निघालं की काम थांबतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, पण आपलं वेळापत्रक कोलमडतं. आमचं किचन ठरल्यापेक्षा बरंच लांबलं, आणि तेवढे दिवस आम्ही इंडक्शनवर खिचडी-भात करून काढले.

निर्णयांचाही प्रकार वेगळा. कंपनीत एका रविवारी दोघांनी बसून सगळं ठरवलं, सही केली, संपलं. मिस्त्रीकडे रोज एक छोटा प्रश्न: दार डावीकडे उघडू की उजवीकडे, हँडल उभं की आडवं, चॅनेल किती लांब. नव्याने संसार मांडणाऱ्यांत यावरून कुरबुरी होतात, आमच्यातही झाल्या. पण त्या प्रश्नांतूनच घर आमच्या हाताला सरावत गेलं असं मला वाटतं. सही केलेल्या चित्रात बदल करायचा तर कंपनी नव्याने कोटेशन देते. मिस्त्री कापायच्या आधीपर्यंत ऐकतो.

पैशांचा मुद्दा सगळ्यांच्या तोंडी पहिला असतो, मी तो मुद्दामच मागे ठेवला. कंपनी महाग पडली, पण मिस्त्रीच्या कामातही वाया गेलेला माल, हमाली आणि लांबलेल्या दिवसांचा खर्च धरला तर अंतर वाटतं तेवढं राहत नाही. कंपनीच्या आकड्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे का ते आधीच विचारा. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. आमच्या कोटेशनवर ठळक अक्षरात प्लायचं नाव होतं, आत वाचल्यावर कळलं की ते फक्त किचनच्या डब्यांपुरतं. बेडरूमच्या कपाटाला प्री-लॅम पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली, वर लॅमिनेट लावलेली फळी) आणि शटरला एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी). कोरड्या खोलीत त्याने काही बिघडत नाही, पण आमची भिंत ओल धरते. मिस्त्रीच्या कामासाठी आम्ही दोघं भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन ताव निवडले. किचनला आयएस ७१० चा शिक्का असलेला, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारा मरीन प्लाय, बाकीला आयएस ३०३ चा, म्हणजे सर्वसाधारण वापराचा. प्रत्येक तावाची कड बघितली, मधल्या थरांत पोकळी दिसली तो बाजूला ठेवला. सिंकच्या खाली मात्र मिस्त्रीने प्लाय घालूच दिला नाही, तिथे कडप्पाच ठेवला, कारण पाइप कधीतरी गळणारच असं तो म्हणाला.

फिनिशिंगचा प्रश्न त्यानेच सोडवला. डबे जागेवर केले आणि शटरची मापं घेऊन ती प्रेस आणि एज बँडिंग करून देणाऱ्या वर्कशॉपमधून करून आणली. असे वर्कशॉप आता बऱ्याच मोठ्या शहरांत आहेत. थोडे पैसे जास्त गेले, पण बाहेरून बघणाऱ्याला किचन कंपनीचं वाटतं आणि आत ते आमच्या भिंतीच्या मापाचं आहे. जुन्या घरासाठी मला हाच मार्ग सगळ्यात पटतो.

नव्या टॉवरमध्ये घर असेल तर कदाचित माझं मत तुम्हाला लागू पडणार नाही. मिवान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती बऱ्याच सरळ असतात, कोपरे काटकोनात येतात, फिलर अगदी थोडा लागतो. तिथे, दोघं रात्री उशिरा घरी येत असाल तर, कंपनीला द्यायला मी हरकत घेणार नाही. फक्त सही करायच्या आधी ड्रॉइंगवर प्रत्येक फिलर मिलिमीटरमध्ये लिहून मागा, सगळ्यांची बेरीज करा, आणि ५० च्या वरच्या प्रत्येक पट्टीमागे त्या मापाचा डबा करून मिळेल का ते लेखी विचारा. बाहेरच्या भिंतीला लागून फिलर येत असेल तर तो स्क्रूने बसवलेला, काढता येण्याजोगा हवा, हेही लिहून घ्या. हॉलचं टीव्ही युनिट आमचं अजून व्हायचंय. मिस्त्री गावाहून परत आला की त्यालाच बोलावणार आहोत.